विश्लेषण : जलतरणातील पदक एका शतांश सेकंदाने का हुकते? ताकद आणि वेगाच्या चाचण्या काय सांगतात?

जकार्तामध्ये २०१८ साली झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने ५० मीटर फ्रीस्टाइलची प्राथमिक फेरी २२.४३ सेकंदांत पूर्ण केली. तो नवा राष्ट्रीय विक्रम होता. अंतिम फेरीत त्याने २२.४७ सेकंद वेळ नोंदवली आणि तो चौथा आला. कांस्यपदक जिंकणाऱ्या जपानच्या शुनिची नाकाओची वेळ होती २२.४६ सेकंद. म्हणजे पदक हुकले ते अवघ्या ०.०१ सेकंदाने. ताशी आठ किलोमीटरच्या आसपास वेगाने पोहणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा फरक सुमारे दोन सेंटीमीटरचा, बोटाच्या एका पेराएवढा असतो. एवढा सूक्ष्म फरक नेमका कुठून येतो, हे शोधण्यासाठी जगभरात कमी अंतराच्या जलतरणपटूंची ताकद आणि वेग सातत्याने मोजले जातात. या चाचण्या कोणत्या, त्या काय सांगतात आणि काय सांगू शकत नाहीत, याविषयी…

५० मीटरच्या शर्यतीत नेमके काय घडते?

वरवर पाहता ही जलतरणातील सर्वांत सोपी शर्यत. तलावाच्या एका टोकाकडून सूर मारायचा आणि दुसऱ्या टोकाला हात टेकवायचा. ५० मीटर लांबीच्या तलावात वळण नसते आणि वेगाचे नियोजन करण्यासही फारसा वाव नसतो. मात्र चाचणी घेणाऱ्या तज्ज्ञाच्या दृष्टीने या शर्यतीचे किमान चार भाग पडतात. पहिला, ठोकळ्यावरून झेप घेण्याचा. दुसरा, पाण्याखालून डॉल्फिन किक मारत पुढे सरकण्याचा. नियमानुसार १५ मीटरपर्यंत डोके पाण्याबाहेर यावेच लागते. तिसरा, पृष्ठभागावर पोहण्याचा आणि चौथा, शेवटच्या काही मीटरमध्ये भिंतीला हात टेकवण्याचा.

अव्वल पुरुष जलतरणपटू पहिले १५ मीटर साधारण सव्वापाच ते साडेपाच सेकंदांत पार करतात. एकूण वेळ २१ ते २२ सेकंद धरली, तर शर्यतीचा जवळपास पाव भाग सुरुवातीतच खर्च होतो. ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरॉन मॅकेवॉयने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २१.२५ सेकंदांत सुवर्ण जिंकले. ब्रिटनचा बेन प्राउड २१.३० सेकंदांसह दुसरा आला. रिओ ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या अँथनी अर्विनने २१.४० सेकंदांत बाजी मारली, तेव्हा फ्रान्सच्या फ्लोरँ मानोदूला २१.४१ सेकंदांमुळे रौप्यावर समाधान मानावे लागले. याच अर्विनने २००० साली सिडनीत गॅरी हॉल ज्युनियरसह २१.९८ सेकंद अशी तंतोतंत समान वेळ नोंदवली होती आणि दोघांनाही सुवर्णपदक देण्यात आले होते.

इतक्या छोट्या फरकांच्या शर्यतीत ‘आणखी जोर लाव’ हा सल्ला फारसा उपयोगी ठरत नाही. वेळ ठोकळ्यावर जातो आहे, पाण्याखाली जातो आहे की शेवटच्या दहा मीटरमध्ये, हे आधी कळायला हवे. चाचण्यांचा पहिला उपयोग हाच.

ताकद हवीच, पण ती पुरेशी का नसते?

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन आहे. धावपटूला पायाखाली घट्ट जमीन मिळते. जलतरणपटूला मात्र ज्या पाण्याला मागे ढकलायचे, ते हाताखालून निसटत असते आणि तेच पाणी त्याची वाटही अडवत असते. हा अवरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग टिकवण्यासाठी लागणारी शक्ती तर त्याहून जलद, वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते.

याचा व्यावहारिक अर्थ असा : वेग एक टक्क्याने वाढवायचा, तर सुमारे तीन टक्के अधिक शक्ती लागते. वेग दोन टक्क्यांनी वाढवायचा, तर सहा टक्के. साडेबावीस सेकंदांच्या शर्यतीत एक टक्का म्हणजे जवळपास सव्वादोन दशांश सेकंद. अव्वल स्तरावर तेवढ्यात पदकांचा क्रम बदलून जातो.

मात्र याच गणिताला दुसरी बाजूही आहे. शक्ती तेवढीच ठेवून पाण्याचा अवरोध तीन टक्क्यांनी कमी केला, तरी वेग तितकाच, म्हणजे सुमारे एक टक्क्याने वाढतो. व्यायामशाळेत कमावलेले स्नायू शरीराचा आकार वाढवतात. त्यामुळे अवरोधही वाढला, तर कमाईचा काही भाग पाण्यातच जातो.

अवरोध कमी झाल्याने काय होऊ शकते, हे जगाने २००९ साली पाहिले. पॉलियुरेथेनच्या पोहण्याच्या पोशाखांनी त्या वर्षी धुमाकूळ घातला. रोममधील जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम मोडले गेले. ब्राझीलच्या सीझर सिएलोने ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये २०.९१ सेकंदांची वेळ त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नोंदवली. २०१० पासून या पोशाखांवर बंदी आली. पुढची पंधरा वर्षे तो विक्रम कुणालाही मोडता आला नाही. त्या वर्षी जलतरणपटूंचे दंड अचानक बळकट झाले नव्हते. बदलला होता तो प्रामुख्याने पाण्याचा अवरोध.

जमिनीवर कोणत्या चाचण्या घेतल्या जातात?

सर्वांत प्रचलित चाचणी उभ्या उडीची. खेळाडू कमरेवर हात ठेवून गुडघे वाकवतो आणि जितके उंच जाता येईल तितकी उडी मारतो. प्रयोगशाळेत ही उडी बल मोजणाऱ्या पाटावर घेतली जाते. पायांनी किती जोर लावला आणि तो किती लवकर लावला, हे त्यातून समजते. ठोकळ्यावरून झेप घेतानाही पायांना हेच करावे लागते. ठोकळ्याच्या मागच्या बाजूस आता तिरकी पट्टी असते. मागचा पाय तिच्यावर रोवून धावपटूसारखी सुरुवात करता येते. त्यामुळे पायांच्या स्फोटक ताकदीचे महत्त्व वाढले आहे.

ब्रिटनच्या आंतरराष्ट्रीय जलतरणपटूंच्या एका छोट्या गटावर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्क्वॉटमध्ये उचलता येणारे कमाल वजन, उडीची उंची आणि पहिल्या १५ मीटरची वेळ यांच्यात घट्ट संबंध आढळला. ज्यांचे पाय अधिक ताकदवान, त्यांची सुरुवात अधिक वेगवान, असा त्याचा सरळ अर्थ. अर्थात, दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे सिद्ध होत नाही. तरीही सुरुवात सुधारायची असेल तर पायांची ताकद तपासून पाहावी, इतका आधार त्यातून मिळतो.

शरीराच्या वरच्या भागासाठी पुल-अप, बेंच प्रेस आणि पोटावर झोपून वजन वर ओढण्याची चाचणी घेतली जाते. केवळ किती वजन उचलले एवढेच आता पाहत नाहीत. दांड्याला दोरी बांधलेले छोटे यंत्र तो दांडा किती वेगाने सरकला हेही नोंदवते. कारण स्पष्ट आहे. फ्रीस्टाइलमधला हाताचा एक फटका पाण्याखाली सेकंदाच्या काही अंशातच संपतो. दोन सेकंद घेऊन हळूहळू लावलेली ताकद तिथे कामाची नाही.

खांद्याची चाचणी याहून वेगळ्या कारणासाठी असते. पोहताना खांदा आत वळवणारे स्नायू सतत राबतात. बाहेर वळवणारे त्या मानाने मागे पडतात. दोहोंतील तफावत वाढत गेली, तर खांद्याच्या दुखण्याचा धोका संभवतो. त्यामुळे हातात धरायच्या बलमापकाने दोन्ही दिशांची ताकद ठरावीक काळाने पाहिली जाते. या चाचणीतून वेग वाढत नाही. पण सरावाचे दिवस वाया जाणे टळू शकते.

पाण्यातील ताकद कशी मोजतात?

जमिनीवर बलवान असलेला प्रत्येक जण पाण्यात वेगवान असतोच असे नाही. म्हणून पाण्यातच बल मोजण्याची पद्धत रूढ झाली. खेळाडूच्या कमरेला पट्टा बांधतात. पट्ट्याला न ताणली जाणारी दोरी आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला, तलावाच्या काठावर, बल मोजणारा ‘लोड सेल’. खेळाडू १० ते ३० सेकंद जिवाच्या आकांताने पोहतो, पण जागचा हलत नाही. त्याने दोरीला दिलेला ताण न्यूटनमध्ये नोंदवला जातो.

यातून तीन गोष्टी कळतात. कमाल बल किती, सरासरी बल किती आणि ते किती झपाट्याने घसरते. उदाहरणार्थ, पहिल्या पाच सेकंदांत सरासरी १५० न्यूटन आणि शेवटच्या पाच सेकंदांत १०५ न्यूटन बल मिळाले, तर घसरण ३० टक्के झाली. अशा खेळाडूला कमाल ताकदीपेक्षा ती टिकवण्याच्या सरावाची गरज असू शकते. डाव्या आणि उजव्या हाताच्या फटक्यांतील फरकही आलेखावर स्पष्ट दिसतो.

या चाचणीच्या मर्यादाही आहेत. जागेवरच पोहताना हाताभोवतीचा पाण्याचा प्रवाह खऱ्या शर्यतीसारखा नसतो. शिवाय शरीर पुढे सरकत नसल्यामुळे अवरोधाचा प्रश्नच येत नाही. ज्याची शरीराची ठेवण सदोष आहे, ज्याची कंबर खाली जाते, असा खेळाडूही इथे उत्तम आकडे नोंदवू शकतो.

नेदरलँड्समध्ये १९८०च्या दशकात संशोधकांनी यावर वेगळा मार्ग काढला. पाण्याखाली लांब दांड्यावर ठरावीक अंतराने पाट बसवले. खेळाडूने पाण्याऐवजी त्या पाटांना ढकलत पुढे जायचे. पाटांवर पडलेल्या जोरावरून त्या वेगाला शरीराला किती अवरोध होतो, याचा हिशेब मांडता आला. ही पद्धत फक्त हातांच्या पोहण्यापुरती आहे आणि तिची मांडणी अवजड आहे. त्यामुळे ती मोजक्या प्रयोगशाळांतच राहिली.

भार आणि वेग यांचा आलेख काय सांगतो?

गेल्या काही वर्षांत सर्वाधिक चर्चा आहे ती या चाचणीची. काठावर विजेवर चालणारे यंत्र असते. त्याची दोरी खेळाडूच्या कमरेला जोडलेली असते. खेळाडू पुढे पोहत जातो आणि यंत्र ठरवून दिलेल्या भाराने त्याला मागे खेचते. ओस्लो येथील नॉर्वेच्या क्रीडा विज्ञान संस्थेतील संशोधकांनी पुरुषांसाठी १, ५ आणि ९ किलो असे भार वापरून ही पद्धत तपासली. तिन्ही वेळचा वेग आलेखावर मांडला, की जवळपास सरळ रेषा मिळते. रेषा मागे वाढवली, तर भार शून्य असताना वेग किती असेल हे कळते. पुढे वाढवली, तर किती भाराला खेळाडू जागीच थांबेल हे कळते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ‘अ’ आणि ‘ब’ हे दोघे १ किलो भारासह सेकंदाला १.८० मीटर वेगाने पोहतात. ५ किलोला ‘अ’चा वेग १.४० वर येतो, ‘ब’चा १.४८ वर. ९ किलोला ‘अ’ १.०० वर घसरतो, तर ‘ब’ १.१६ वर राहतो. हिशेब केल्यास ‘अ’ सुमारे १९ किलोला थांबेल आणि ‘ब’ साडेतेवीस किलोला. मात्र भार नसताना दोघांचा वेग जवळपास सारखाच, ‘अ’चा १.९० आणि ‘ब’चा १.८८ मीटर.

घड्याळ या दोघांना एकाच पारड्यात तोलते. चाचणी मात्र दोघांसाठी वेगळी वाट दाखवते. ‘अ’ पाण्यातून सफाईने सरकतो, पण त्याच्याकडे जोर कमी आहे. व्यायामशाळेतील मेहनत त्याला लाभू शकते. ‘ब’कडे जोर भरपूर आहे; तरीही तो ‘अ’च्या पुढे जात नाही. म्हणजे त्याची ताकद अवरोधावर मात करण्यात खर्च होते आहे. त्याने डोक्याची ठेवण, कमरेची पातळी, हात पाण्यात घालण्याची जागा यांकडे पाहायला हवे. ‘ब’ला आणखी वजने उचलायला लावणे म्हणजे भरल्या घड्यात पाणी ओतण्यासारखे ठरेल.

वेग मोजण्यासाठी महागडी यंत्रेच लागतात का?

नाही. वेगाचे मूळ समीकरण साधे आहे. मिनिटाला हात किती वेळा फिरतात आणि दोन्ही हातांच्या एका आवर्तनात शरीर किती पुढे जाते, या दोहोंचा गुणाकार म्हणजे वेग. तलावाच्या काठावर २५ आणि ३५ मीटरवर खुणा करा. या दहा मीटरला पाच सेकंद लागले, तर वेग सेकंदाला दोन मीटर. त्याच टप्प्यात तीन आवर्तनांना तीन सेकंद लागले, तर मिनिटाला ६० आवर्तने आणि प्रत्येक आवर्तनात दोन मीटर अंतर. प्रत्येक सरावात हे दोन आकडे वहीत नोंदवले, तरी महिन्याभरात बरेच काही उलगडते. आवर्तने वाढली आणि वेग तेवढाच राहिला, तर हात नुसतेच पाणी घुसळत आहेत असे समजावे.

स्मार्टफोनही इथे कामाला येतो. अनेक फोनमध्ये सेकंदाला २४० चित्रे टिपणारे स्लो मोशन असते. म्हणजे दोन चित्रांमधील अंतर सुमारे ०.००४ सेकंद. नेहमीच्या ६० चित्रांच्या चित्रीकरणात ते ०.०१७ सेकंद पडते. शतांश सेकंदाचा फरक त्यात पकडता येत नाही. फोन तिवईवर पक्का ठेवून १५ मीटरच्या खुणेसमोर लावला आणि सुरुवातीचा संकेत त्याच चित्रणात दिसेल असा दिवा वापरला, तर १५ मीटरची वेळ बऱ्यापैकी अचूक मिळते. उभ्या उडीची उंचीही फोनवर मोजता येते. पाय जमिनीवरून सुटल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत ०.६ सेकंद लागले, तर उडी सुमारे ४४ सेंटीमीटरची झाली.

या आकड्यांवर किती विश्वास ठेवावा?

हा प्रश्न फार थोड्या ठिकाणी विचारला जातो. हातातील स्टॉपवॉच दाबण्यात दोन प्रशिक्षकांमध्ये दशांश सेकंदाचा फरक सहज पडतो. शर्यत शतांशाची आणि मोजमाप दशांशाचे, अशी ही विसंगती. त्यामुळे ‘गेल्या आठवड्यापेक्षा ०.०५ सेकंदाने सुधारणा’ हा स्टॉपवॉचवरचा निष्कर्ष बहुतेक वेळा निरर्थक असतो.

दुसरा मुद्दा खेळाडूच्या स्वतःच्या चढउताराचा. ऑलिम्पिक दर्जाच्या जलतरणपटूंच्या निकालांच्या अभ्यासातून एका शर्यतीतून दुसऱ्या शर्यतीत वेळ साधारण ०.८ टक्क्यांनी मागेपुढे होते, असे दिसून आले आहे. साडेबावीस सेकंदांवर हा फरक जवळपास ०.१८ सेकंदाचा होतो. वीरधवलच्या प्राथमिक आणि अंतिम फेरीतील फरक होता ०.०४ सेकंद, म्हणजे ०.२ टक्क्यांहूनही कमी. अंतिम फेरीत तो ‘कमी पडला’ असे म्हणायला या आकड्यांत काहीच आधार नाही. इतक्या छोट्या फरकापुढे खेळाडूच्या हातात एकच उपाय उरतो. तो म्हणजे आपली सरासरी वेळच एवढी खाली आणायची, की नेहमीचा चढउतारही पदकाच्या आतच राहील.

मोजमापाची मर्यादा खुद्द नियमांनीही मान्य केली आहे. म्युनिक ऑलिम्पिकमध्ये १९७२ साली ४०० मीटर वैयक्तिक मिडले शर्यतीत स्वीडनच्या गुन्नार लार्सनने अमेरिकेच्या टिम मकीवर ०.००२ सेकंदाने मात केली. त्या वेगात हा फरक होतो सुमारे तीन मिलिमीटरचा. तलावाच्या दोन मार्गिकांची लांबीच तेवढी कमीअधिक असू शकते. त्यानंतर वेळ शतांशापर्यंतच धरण्याचा नियम झाला आणि म्हणूनच सिडनीत दोघांना सुवर्ण मिळाले.

म्हणून चाचणी घेताना काही पथ्ये पाळावी लागतात. दिवसाची तीच वेळ, तोच वॉर्म-अप, तोच तलाव, आदल्या दिवशी तेवढाच सराव आणि किमान दोन-तीन प्रयत्न. एकाच आठवड्यात दोनदा चाचणी घेऊन आपल्या पद्धतीत आपोआप किती फरक पडतो, हे आधी पाहावे. त्याहून मोठा बदल दिसला, तरच त्याला सुधारणा किंवा घसरण म्हणावे. साधारण सहा ते आठ आठवड्यांनी चाचणी पुरेशी होते. दर आठवड्याला घेतल्यास चाचण्याच सरावाची जागा घेतात.

मॅकेवॉयचे उदाहरण का दिले जाते?

भौतिकशास्त्राचा विद्यार्थी असलेला मॅकेवॉय २०१६ मध्ये १०० मीटरचा संभाव्य विजेता म्हणून रिओला गेला आणि सातवा आला. टोक्योनंतर त्याने काही काळ तलावाकडे पाठ फिरवली. परतल्यावर त्याने ५० मीटरवर लक्ष केंद्रित केले आणि परंपरागत सराव जवळपास मोडीत काढला. पूर्वी आठवड्याला सुमारे ३० किलोमीटर पोहणारा हा खेळाडू अवघ्या काही किलोमीटरवर आला. उरलेला वेळ ताकदीच्या व्यायामाला, वजन बांधून केलेल्या पुल-अपना आणि प्रस्तरारोहणाला. पाण्यात उतरला, की बहुतेक वेळा पूर्ण वेगाने. २०२३ मध्ये तो २१.०६ सेकंदांसह जगज्जेता झाला आणि पुढच्या वर्षी, वयाच्या तिसाव्या वर्षी, ऑलिम्पिकविजेता. २०२५ च्या सिंगापूर जागतिक स्पर्धेतही त्याने सुवर्ण जिंकले.

मात्र त्याचा सराव जसाच्या तसा उचलणे धोक्याचे ठरेल. त्याच्या पाठीशी लाखो मीटर पोहून घडलेले तंत्र होते. कमी पोहणे हे त्याच्यासाठी त्याच्या उणिवेचे उत्तर होते. १५ वर्षांच्या मुलाची उणीव वेगळी असू शकते. बहुधा तंत्राचीच असते. मॅकेवॉयकडून घ्यायचे ते इतकेच, की आपल्याला नेमके काय कमी पडते ते त्याने तपासले आणि सराव त्यानुसार बदलला.

शाळकरी मुलांच्या चाचण्या घ्याव्यात का?

घ्याव्यात, पण निवड करण्यासाठी वापरू नयेत. मुलींची उंची साधारण बाराव्या आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वाधिक वेगाने वाढते. पण व्यक्तीनुसार यात दोन-दोन वर्षांचा फरक पडतो. तेराव्या वर्षी मिसरूड फुटलेला मुलगा आणि त्याच वयाचा, अजून बालशरीर असलेला मुलगा एकाच गटात पोहतात. उडी, पुल-अप, दोरीवरचे बल या सगळ्यांत पहिला पुढे असणार. त्यातून दिसते ती वयात येण्याची घाई, गुणवत्ता नव्हे. या आकड्यांवर दुसऱ्याला घरी पाठवले, तर सोळाव्या वर्षी बरोबरी साधू शकणारा खेळाडू आपण आधीच गमावलेला असतो.

या वयात मुलाची तुलना दुसऱ्याशी करण्याऐवजी त्याच्याच मागील नोंदीशी करणे योग्य. सोबत दर तीन महिन्यांनी उंची आणि वजन नोंदवावे, म्हणजे सुधारणा सरावाची की वाढीची, याचा अंदाज येतो. एका झटक्यात कमाल वजन उचलण्याची चाचणी मुलांना देऊ नये. वजनांच्या व्यायामाने उंची खुंटते, हा समज मात्र निराधार आहे. योग्य देखरेखीखाली, तंत्राला प्राधान्य देऊन केलेला ताकदीचा व्यायाम मुलांसाठी सुरक्षित मानला जातो.

भारतीय जलतरणासाठी याचे महत्त्व आताच का?

वीरधवल खाडेने २०१० मध्ये ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचे कांस्यपदक जिंकले होते. खजानसिंग यांच्या १९८६ मधील रौप्यपदकानंतर जलतरणात भारताला मिळालेले ते पहिले आशियाई पदक. पण ही शर्यत तेव्हा ऑलिम्पिकमध्ये नव्हती. ५० मीटरची एकमेव ऑलिम्पिक शर्यत होती ती फ्रीस्टाइलची. लॉस एंजेलिसमध्ये २०२८ साली हे चित्र बदलणार आहे. बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय या तिन्ही प्रकारांत पुरुष आणि महिलांच्या ५० मीटर शर्यती प्रथमच ऑलिम्पिकमध्ये होतील. म्हणजे सहा नवी सुवर्णपदके, आणि तीही अशा अंतराची, जिथे सुरुवात, ताकद आणि अवरोध यांवर निकाल ठरतो.

यासाठी प्रत्येक जिल्ह्यात विजेवर चालणारे यंत्र येण्याची वाट पाहण्याची गरज नाही. कप्पीवरून सोडलेली पाण्याची बादली कमरेच्या पट्ट्याला बांधून भार देता येतो. १० मीटरच्या खुणा, एक फोन, एक तिवई आणि नियमित लिहिलेली वही एवढ्यावर पहिली दोन-तीन वर्षे सहज निघू शकतात. लोड सेल आणि बल मोजणारे पाट राज्य व राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रांत असावेत आणि गुणवान खेळाडूंना ते वर्षातून दोन-तीन वेळा वापरता यावेत, इतके पुरेसे आहे. अधिक अवघड आहे ते मनुष्यबळ, म्हणजे आकडे वाचून सरावाच्या वेळापत्रकात काय बदलायचे हे प्रशिक्षकाला समजावून सांगणारा माणूस. चाचणीनंतर सरावात काहीच बदलणार नसेल, तर ती न घेतलेली बरी. आणि ज्या खेळाडूची चाचणी घेतली, त्याला त्याचे आकडे आणि त्यांचा अर्थ सांगितला गेला पाहिजे; वेळ कुठे कमवायचा हे शेवटी त्यालाच पाण्यात उतरून ठरवायचे असते.